आधी कोणाचं बोचकं उघडायचं?

कृष्णवर्णीय लेखकांची विज्ञानकथा वाचायची आहे, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते: घर सोडायची वेळ आली तर पिशवीत काय भराल? ऑक्टेव्हिया बटलर, एन. के. जेमिसिन आणि नेडी ओकोराफोर, तिघींच्याही नायिका घराबाहेर पडतात. कोण काय बांधून घेते, ते बघा.

बटलरच्या 'किंड्रेड'मधली (१९७९) डेना लॉस एंजेलिसजवळच्या घरातून अचानक खेचली जाते ती थेट गुलामगिरीच्या काळातल्या मेरिलँडमध्ये. तेही पुन्हा पुन्हा. म्हणून कपडे, साबण, ॲस्पिरिन आणि चाकू भरलेली पिशवी ती अंगालाच बांधून ठेवते. मळ्याच्या गोऱ्या मालकाच्या ज्या पोराला ती वाचवते, तो तिचाच पूर्वज. तो आधीच मेला तर तिचा वंशच सुरू होणार नाही. कालप्रवास कसा होतो, हे बटलर सांगत बसत नाही.

तिची 'पॅरेबल ऑफ द सोअर' आली १९९३ मध्ये, पण गोष्ट सुरू होते जुलै २०२४ ला. भिंत घातलेली वस्ती, पेट्रोलपेक्षा महाग पाणी, पैसे मोजल्याशिवाय न हलणारे पोलीस. लॉरेन नावाची पोर उशीच्या अभ्र्यात कुऱ्हाड, काडेपेट्या आणि सुकामेवा बांधून ठेवते. पुढच्या भागात (१९९८) अमेरिकेला पुन्हा महान करू म्हणणारा नेता आहे, म्हणून लोक बटलरला भविष्यवेत्ती ठरवतात. मला हे पटत नाही. ती घोषणा १९८० मध्ये रेगन यांच्या प्रचारात होतीच. बाई पेपर नीट वाचत होती, एवढंच.

जेमिसिनच्या 'द फिफ्थ सीझन'मध्ये (२०१५) जमीनच अधूनमधून जगबुडी आणते, त्यामुळे पळायचं बोचकं घरोघरी तयार असतं. भूकंप थोपवणारी माणसं तिथे आहेत, पण त्यांना शिवी देऊन हाक मारतात आणि लहानपणीच ताब्यात घेतात. एका मुलीचा ताबा किती सुटतो हे पाहायला तिचा रक्षक तिचा हात मोडतो, आणि वर माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणतो. तो प्रसंग वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. नायिका आपली ताकद लपवून गावात राहते. घर भाड्याने घेताना आडनाव सांगायला कचरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. या मालिकेच्या तिन्ही भागांना ओळीने तीन वर्षं विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मात्र सुरुवातीची शंभर पानं चाचपडायची तयारी ठेवा. मागे शब्दसूची आहे, तिथे सारखं जावं लागतं.

ओकोराफोरची 'बिंटी' (२०१५) एका बैठकीत संपते. आफ्रिकेतल्या हिंबा जमातीची मुलगी रात्री गुपचूप घर सोडून दुसऱ्या ग्रहावरच्या विद्यापीठात निघते. सोबत अंगाला लावायचा लाल मातीचा लेप. रांगेतली एक बाई विचारल्याशिवाय तिची वेणी ओढून बघते. आपल्या लेखनाला ओकोराफोर 'आफ्रिकनफ्यूचरिझम' म्हणते. 'आफ्रोफ्यूचरिझम' हा कृष्णवर्णीयांच्या विज्ञानकथेसाठी वापरला जाणारा शब्द तिला चालत नाही, कारण त्यात केंद्र अमेरिका राहतं. मुद्दा रास्त आहे. कथा मात्र जरा घाईत मिटते, असं माझं मत.

याच वाटेवरचे कृष्णवर्णीय लेखक सॅम्युअल डिलेनी नंतरसाठी ठेवा. त्यांची 'नोव्हा' ही कादंबरी मासिकात क्रमशः छापायला एका नामवंत संपादकाने नकार दिला होता. नायक काळा आहे, वाचकांना झेपणार नाही, असं कारण मिळाल्याचं डिलेनींनीच लिहून ठेवलंय.

तर, एकच संध्याकाळ हातात असेल तर 'बिंटी'. जाडजूड मालिकेत बुडून जायची सवय असेल तर जेमिसिन. बाकी सगळ्यांना मी 'किंड्रेड'च देते. इंग्रजी साधं आहे, शब्दसूची लागत नाही. शेवटच्या फेरीत डेनाचा डावा हात जातो, हे बटलर पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाकते. कसा गेला, ते कळेपर्यंत पुस्तक खाली ठेवलेलं कोणी मी अजून पाहिलेलं नाही.