‘व्हेज ओके’ म्हणत त्याने आम्हाला टोपी घातली

शुक्रवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. टोकियोच्या शिंजुकूतला काबुकीचो भाग, जिथे इमारतीवरून गॉडझिला डोकं काढून बघत असतो. त्याच्या जवळच्या गल्लीत आम्ही तिघं उपाशी उभे: मी, बायको आणि मेहुणा. बायको पक्की शाकाहारी. एका ठिकाणी जागा नव्हती, दुसरीकडे सगळंच ‘दाशी’त, म्हणजे माशाच्या पाण्यात शिजवलेलं.

तेवढ्यात लॅमिनेट केलेला मेन्यू घेऊन एक हसरा पोरगा आला. “नमस्ते! इंडिया? व्हेज ओके!” दोन तास हवं तेवढं प्या, माणशी २००० येन, टेबलाचे पैसे नाहीत. दादर स्टेशनबाहेर असा कोणी आला असता तर मी बॅग छातीशी धरून सटकलो असतो. पण इथे चारच दिवसांपूर्वी मेहुण्याची ट्रेनमध्ये राहिलेली छत्री परत मिळाली होती. या देशात कोणी फसवतच नाही अशी आमची ठाम समजूत. निघालो त्याच्या मागे. डोक्यावरचा लाउडस्पीकर जपानीत काहीतरी बजावत होता, मला वाटलं कसलीतरी जाहिरात.

लिफ्टने पाचव्या मजल्यावर. बाहेर ना पाटी, ना दर. बसताच न मागता तीन वाट्या आल्या, प्रत्येकीत गार सोयाबीनच्या पाच-सहा शेंगा. मग ‘व्हेज’ म्हणून टोफू आला. त्यावर कागदासारखे तपकिरी पापुद्रे वाफेने हलत होते, जिवंत असल्यासारखे. बायकोने विचारलं, हे काय? कात्सुओबुशी. वाळवलेला मासा. तिने काडीसुद्धा लावली नाही.

तासाभराने बिल आलं: २७,७२० येन. सोळा हजार रुपयांच्या आसपास! खाणं फक्त ४,८०० चं. बाकी सगळं माणशी: बैठकीचे १,५००, त्या शेंगांचे ९००, ‘वीकेंड’चे १,०००. पिण्याचे २००० सुद्धा तिघांकडून, कारण टेबलावर एकाने घेतलं की सगळ्यांनी घ्यायचं. ज्या बाईने फक्त पाणी प्यायलं तिचेही! वर २० टक्के सर्व्हिस, त्यावर १० टक्के कर. खाली भेटलेला पोरगा? “तो आमचा माणूस नाही.” कार्ड चालत नाही, रोख द्या.

मेहुणा म्हणाला, कोबानवर, म्हणजे नाक्यावरच्या पोलीस चौकीत जाऊ. मी म्हटलं, परक्या मुलखात कशाला झेंगट. ही माझी चूक, आणि ती मला अजून डाचते. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं की या प्रकाराला ‘बोत्ताकुरी’ म्हणतात. त्याविरुद्ध टोकियोत २००० सालापासून नियम आहे, आणि रस्त्यावर गिऱ्हाईक ओढण्याविरुद्ध शिंजुकू वॉर्डाने २०१३ मध्ये नियम केला. तो लाउडस्पीकर हेच ओरडत असतो: अशा लोकांच्या मागे जाऊ नका.

जाणार असाल तर एवढं ऐका. आधी आलेल्या छोट्या वाटीवरून भांडू नका. ‘ओतोशी’ ही तिथली रीतच, बऱ्याच इझाकायांत, म्हणजे जपानी दारूच्या गुत्त्यांत, माणशी ३०० ते ५०० येन घेतात. प्रश्न तिचा नाही, लपवलेल्या बाकीच्या आकड्यांचा आहे. बसण्याआधी “झेम्बु दे इकुरा?” (सगळं मिळून किती?) विचारा आणि आकडा कागदावर मागा. टाळाटाळ झाली की उठा. दारात पदार्थांचे प्लॅस्टिकचे नमुने किमतीसकट मांडलेली दुकानं, किंवा आधी यंत्रातून कुपन काढायची रामेनची (रस्सेदार नूडल्सची) दुकानं निर्धास्त. तिथे जादा आकार लावायला फारसा वाव नसतो. ‘ताबेलॉग’ या हॉटेलांना गुण देणाऱ्या जपानी साइटवर पाचपैकी ३.५ गुण दिसले तर कमी समजू नका, तिथले लोक गुण देताना हात आखडता घेतात. आणि घरात शाकाहारी असेल तर ‘व्हेज’ शब्दावर विसंबू नका, दाशी आहे का तेच विचारा.

परतायच्या आदल्या रात्री पुन्हा त्याच गल्लीतून आलो. तोच पोरगा, तोच मेन्यू. “नमस्ते! व्हेज ओके!” आम्हाला त्याने ओळखलंच नाही. मेहुण्याने हसत हसत त्याला एक अस्सल सातारी शिवी हासडली. तो कमरेत वाकून म्हणाला, “थँक्यू!”