आमच्या उपकेंद्रातली साखरेची तपासणी

पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेल्या आमच्या गावच्या उपकेंद्रात दर मंगळवारी साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना मी वर्षभर तेथे नेत आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या माणसांविषयी नाही.

सोय मुळात चांगली आहे. आशाताई घरी येऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा तक्ता भरतात आणि टेपने कंबरही मोजतात; बाईची 80 आणि पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या पुढे गेली की तक्त्यातले धोक्याचे गुण वाढतात. गोळ्या फुकट मिळतात, रांग लहान असते आणि मॅडम म्हाताऱ्या माणसांशी आवाज न चढवता बोलतात, जे तालुक्याला पैसे मोजूनही मिळत नाही.

घोडे अडते ते वेळेवर. वडील डेअरीत दूध घालून साडेआठला उपाशीपोटी दारात हजर असतात आणि दहा मिनिटांत मोकळे होऊन पारावर जाऊन बसतात. शेण, चूल आणि नातवंडांचे डबे आटोपून आई पोहोचते तेव्हा अकरा वाजलेले असतात आणि पोटात दोन कप चहा व अर्धी भाकरी गेलेली असते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त भरली, तर फेरतपासणी करून मधुमेहाचे निदान करता येते. खाऊन आलेल्या माणसाचा आकडा मात्र 200 च्या आत असला की त्यावरून काहीच पक्के सांगता येत नाही. शेणामातीत मुरलेल्या आईच्या बोटाला दोनदा सुई टोचावी लागली, आकडा 168 आला, ‘उद्या उपाशी या’ असे सांगण्यात आले, आणि तो उद्या उजाडायला चार महिने गेले. रांगेतल्या बहुतेक बायकांची हीच गत होती. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, पण ती येथे होत नाही.

2016-20 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात पुरुषांचे सरासरी आयुर्मान 68.6, तर स्त्रियांचे 71.4 वर्षे आहे. ही जास्तीची वर्षे बाईने धडधाकट काढायची की दुखणी सोसत, हे साखर किती लवकर सापडते यावरही ठरते, आणि नेमकी तिचीच साखर येथे उशिरा सापडते. शिवाय वर्षभरात पाय एकदाही तपासले नाहीत, ना आईचे ना वडिलांचे. जोडव्याखाली चिघळलेली आईची जखम मला घरी, तिचे पाय धुताना दिसली. साखरेने बोट बधिर झाल्यामुळे तिला ती कळलीच नव्हती.

पाचपैकी तीन गुण देतो. आईला नेणार असाल, तर सकाळची कामे आदल्या रात्रीच घरात वाटून घ्या आणि तिथे गेल्यावर तिची जोडवी काढून पाय दाखवा.