तीन कथा-नियतकालिकांची वर्गणी: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी मी तीन वर्गण्या एकदमच भरल्या: अमेरिकेतलं ‘वन स्टोरी’, डब्लिनचं ‘द स्टिंगिंग फ्लाय’ आणि विज्ञानकथांचं ‘क्लार्क्सवर्ल्ड’.

आधी ‘वन स्टोरी’बद्दल, कारण माझं वाचणंच त्यानं बदललं. २००२पासून निघतंय, अंकात कथा एकच. एकदा छापलेला लेखक पुन्हा छापायचा नाही, हा त्यांचा नियम. हातात मावणारी, मधोमध पिना मारलेली पुस्तिका. पहिला अंक आला तेव्हा वाटलं, एवढंच? पण रात्री कथा संपली आणि उलटायला पुढचं पानच नव्हतं. जाड अंकात डोळे आपोआप पुढच्या शीर्षकावर जातात आणि आधीच्या कथेचा शेवट तिथेच विरतो. इथे मी पहिल्या पानावर परत गेलो. सुरुवातीला नुसती माहिती वाटलेली दोन वाक्यं आता पार वेगळी लागली. तेव्हापासून प्रत्येक अंक दोनदा वाचतो.

‘स्टिंगिंग फ्लाय’ वर्षातून दोनदा येतं. सगळ्या कथा सारख्या ताकदीच्या नसतात, पण नवख्यांना जागा द्यायची म्हटल्यावर ते व्हायचंच. मला चालतं.

‘क्लार्क्सवर्ल्ड’ ऑनलाइन फुकट वाचता येतं, ऐकताही येतं. तरी वर्गणी भरली. फेब्रुवारी २०२३मध्ये यंत्रानं लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला, की त्यांना काही काळ कथा घेणंच थांबवावं लागलं. तो ढीग उपसून खरी कथा शोधणाऱ्या माणसांना पैसे मिळायलाच हवेत.

तक्रार आहे ती चौथ्याच एका नियतकालिकाबद्दल. माझ्या एका कथेचा इंग्रजी अनुवाद त्यांना पाठवला. अट अशी, की उत्तर येईपर्यंत कथा दुसरीकडे पाठवायची नाही. सात महिने चकार शब्द नाही, मग दोन ओळींचं ‘साभार परत’. नकार मला मान्य आहे. पण कथा अडकवून ठेवायची, तर उत्तराची मुदतही सांगावी. ‘क्लार्क्सवर्ल्ड’चीही हीच अट आहे, पण त्यांचं उत्तर सहसा काही दिवसांत येतं. कथा पाठवण्याआधी हे नक्की तपासा.

तिन्ही वर्गण्या पुढे चालू ठेवतोय. ‘टिन हाउस’ आणि ‘ग्लिमर ट्रेन’ ही दोन्ही अमेरिकन नियतकालिकं २०१९ साली बंद झाली, तेव्हा मी ‘पुढच्या वर्षी भरू’ म्हणत बसलो होतो.