रीसेट मारायचं, की 'फर्गेट' करून बघायचं?

नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जाऊन सांगा, "स्टेशनवरचं वायफाय टिकतच नाही, जोडलं की तुटतं." काउंटरवरचं पोरगं फोन हातात घ्यायच्या आधीच म्हणेल, "रीसेट मारून टाका ना भाऊ." सल्ला अगदीच वाईट नाही. दोन मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत, आणि बरेचदा लागूही पडतो. पण त्याच्यासोबत फोनमधलं काय काय जातं आणि वायफाय ज्या कारणाने तुटतं ते कारण तरी जातं का, हे कोणी सांगत नाही.

दुसरा रस्ता असा: फक्त त्या एका ठिकाणचं नेटवर्क 'फर्गेट' करायचं, म्हणजे फोनला ते विसरायला लावायचं, आणि मग तीन-चार सेटिंग्ज एकेक करून तपासायच्या. याला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि डोकं थोडं शांत ठेवावं लागतं. दोन्ही वापरून झाल्यावर माझा कल दुसऱ्याकडे झुकला. फोन कोणता, जागा कोणती यावर उत्तर थोडंफार हलू शकतं, हे आधीच कबूल करतो.

आधी रीसेटचा हिशोब. नेटवर्क रीसेटमध्ये फोटो, ॲप, कॉन्टॅक्ट जागेवरच राहतात. जातं ते साठवलेल्या सगळ्या वायफायचं नाव-पासवर्ड, अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या सगळ्या जोड्या, आणि मोबाईल डेटाची सेटिंग. आयफोनवर शिवाय फोनला तुम्ही दिलेलं नाव पुसून परत नुसतं 'आयफोन' होतं, आणि हाताने ट्रस्ट केलेली सर्टिफिकेटं (समोरचं नेटवर्क किंवा साइट खरी आहे हे पटवणारी डिजिटल ओळखपत्रं) अनट्रस्ट होतात. ऑफिसचं वायफाय सर्टिफिकेटवर चालत असेल तर सोमवारी सकाळी आयटीवाल्याला गाठायची तयारी ठेवा. अलीकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये रीसेटचे दोन तुकडे केले आहेत, मोबाईल नेटवर्कचा वेगळा आणि वायफाय-ब्लूटूथचा वेगळा. तुमच्यात तसं असेल तर दुसराच निवडा. सिमच्या सेटिंगला विनाकारण हात लावायची गरज नाही.

'फर्गेट' यातलं फक्त एका नेटवर्कपुरतं करतं. त्या नावाखाली साठलेला पासवर्ड, कोणीतरी कधीतरी भरून ठेवलेला स्थिर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा फोनचा क्रमांक), प्रॉक्सी (मधला सर्व्हर), सगळं पुसलं जातं आणि फोन त्या जागेला नव्याने भेटतो. म्हणजे शिळी नोंद पुसणं हा रीसेटचा जो खरा फायदा आहे, तो इथे जवळजवळ पूर्ण मिळतो, आणि घरचं वायफाय, कानातले बड्स, गाडीचं ब्लूटूथ यांना धक्काही लागत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. 'टिकत नाही' हे एकच वाक्य चार-पाच वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरलं जातं, आणि कोणता उपाय करायचा हे त्यावरच ठरतं.

पहिला प्रकार: वायफाय जोडलं जातं, 'इंटरनेट नाही' असं दाखवतं आणि थोड्या वेळाने फोन ते सोडून मोबाईल डेटावर जातो. सार्वजनिक वायफायमध्ये जोडणं आणि आत शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडल्याजोडल्या फोन एक चाचणी घेतो. अँड्रॉइड गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवून '२०४' हे रिकामं उत्तर येतं का बघतो. आयफोन ॲपलच्या एका पानावर 'सक्सेस' हा शब्द शोधतो. मध्ये लॉगिनचं पान आलं की फोनला कळतं, इथे नंबर आणि ओटीपी द्यायचा आहे. हे पानच उघडलं नाही तर पुढचं सगळं अडतं. अशा वेळी ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका. ते पान मुद्दाम साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप नसलेल्या जोडणीवर, ठेवलेलं आहे, त्यामुळे नेटवर्कला तुम्हाला मध्येच अडवून लॉगिनच्या पानाकडे वळवता येतं. बँकेची किंवा ईमेलची साइट उघडून हे होत नाही, उलट सर्टिफिकेटची चूक येते आणि माणूस घाबरतो.

याच प्रकारातले दोन छुपे गुन्हेगार म्हणजे प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता गुपचूप शोधून देणारी सेवा) आणि व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा बोगदा). जाहिराती अडवायला म्हणून कोणीतरी अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये एखादं होस्टनेम (सर्व्हरचं नाव) टाकून दिलेलं असतं. ही सोय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. तिला ८५३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कमधलं एक ठरलेलं दार, उघडं लागतं, आणि काही सार्वजनिक नेटवर्कं ते बंद ठेवतात. मग ओटीपी बरोबर टाकूनही फोन 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क नाही' म्हणत बसतो. तिथे 'ऑटोमॅटिक' निवडा, काम झालं. व्हीपीएन 'नेहमी चालू' ठेवून 'व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा' हेही चालू असेल तर लॉगिनचं पान अडू शकतं. दोन मिनिटं बंद करा, आत शिरा, मग परत चालू करा.

आयफोनवर एक बारीक गोष्ट. लॉगिनची जी खिडकी वर सरकते, तिच्या कोपऱ्यात 'कॅन्सल' लिहिलेलं असतं आणि आत शिरलात की त्याचं 'डन' होतं. ओटीपी बघायला म्हणून घाईत 'कॅन्सल' दाबलंत तर फोन विचारतो, इंटरनेटशिवाय वापरायचं की दुसरं नेटवर्क घ्यायचं. बरीच मंडळी इथेच अडकतात आणि वायफायला शिव्या देतात. ओटीपी वरून येणाऱ्या पट्टीत वाचा, खिडकी सोडू नका.

दुसरा प्रकार: बरोबर ठरलेल्या वेळाने तुटतं. इथे फोनची काही चूक नाही. रेल्वे स्टेशनांवरच्या रेलवायरचंच घ्या. ते चालवणाऱ्या रेल्वेच्या रेलटेल कंपनीने मार्च २०२१ मध्ये पैसे भरून घ्यायचे प्लॅन आणले, तेव्हा रोजची पहिली ३० मिनिटं १ एमबीपीएस वेगाने फुकट आणि पुढे प्लॅन, अशी रचना ठेवली. अर्ध्या तासाने नेट गेलं की फलाटावर बसून रीसेट मारणारा माणूस घरचे पासवर्ड पुसतो आणि पदरात काहीच पडत नाही. तुटायची वेळ दोनदा घड्याळात बघा. दोन्हीदा सारखीच आली तर फोन खिशात ठेवा.

तिसरा प्रकार जास्त गमतीचा, कारण इथे रीसेट चक्क उलटं काम करू शकतं. काल ओटीपी देऊन आत शिरलात, आज त्याच ठिकाणी परत ओटीपी, परवा परत. पोर्टल, म्हणजे ते लॉगिनचं पान, तुम्हाला ओळखतं ते फोनच्या मॅक पत्त्यावरून (वायफायला फोन स्वतःची ओळख म्हणून देतो तो क्रमांक). अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला खरा पत्ता न देता एक बनावट पत्ता देतो. बनावट ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं स्थान २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. अँड्रॉइडमध्ये हा बनावट पत्ता साधारणपणे एका नेटवर्कसाठी कायम राहतो, फर्गेट करून परत जोडलं तरी तोच येतो, फॅक्टरी रीसेटपर्यंत, म्हणजे अख्खा फोन पुसेपर्यंत. (डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'नॉन-परसिस्टंट मॅक' कोणी चालू केलं असेल तर मात्र बदलत राहतो, ते बंद करा.) आयफोनवर नेटवर्क रीसेट केलं की पुढच्या वेळी नवाच पत्ता निघतो, आणि आयओएस १८ मध्ये उघड्या नेटवर्कसाठी तो आपोआप अधूनमधून बदलणारा असतो. म्हणजे रीसेटनंतर पोर्टलच्या लेखी तुम्ही नवा फोन घेऊन आलात. एका नंबरवर दोनच उपकरणं चालतील अशी मर्यादा त्या ठिकाणी असेल, तर जुना पत्ता एक जागा अडवून बसतो आणि नवा बाहेर उभा.

उपाय फक्त त्या नेटवर्कपुरता करायचा. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या नावाजवळचं गिअर, प्रायव्हसी, 'डिव्हाइस मॅक वापरा'. आयफोनवर नावाजवळचा आय, 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस', 'फिक्स्ड'. अँड्रॉइडच्या उपायात खरा पत्ता उघड होतो, म्हणजे वायफाय चालवणाऱ्याला तोच फोन पुन्हा पुन्हा ओळखता येतो. रोजच्या एका-दोन ठिकाणांपुरतं ठीक, सगळीकडे नको.

चौथा प्रकार: चालताना तुटतं. नागपूर स्टेशनच्या मुख्य दाराने शिरून पादचारी पुलावरून संत्रा मार्केटच्या बाजूला जा. नेटवर्कचं नाव तेच दिसतं, पण मध्ये ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणाऱ्या डब्या) बदलत असतात. फोन जुन्यालाच चिकटून राहतो, सिग्नल मरतो, आणि मग 'वायफाय कमजोर असेल तर मोबाईल डेटा वापरा' ही सोय त्याला ओढून बाहेर काढते. आयफोनवर तिचं नाव 'वायफाय असिस्ट', मोबाईल डेटाच्या पानावर अगदी तळाशी. अँड्रॉइडवर कंपनीगणिक नाव वेगळं, पण अर्थ तोच. ती बंद करा, किंवा जागेवर पोहोचल्यावर वायफाय एकदा बंद-चालू करा. रीसेटचा इथे काडीचा उपयोग नाही.

राहिला तो प्रकार ज्यात फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' म्हणत राहतो आणि सोडून देतो. लहान नेटवर्कला बहुतेक वेळा २५४ पत्तेच वाटायला असतात. गर्दीत ते संपतात. यावर रीसेटही नाही आणि फर्गेटही नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर मोबाईल डेटा वापरा. जाता जाता, मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना उन्हात धरलेला फोन विचित्र वागला तर आधी सावलीत न्या. ॲपलच्याच म्हणण्याप्रमाणे आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे, आणि फार तापला की मोबाईलचा सिग्नल पकडणारा भाग कमी शक्तीवर जातो. मग ओटीपीसुद्धा उशिरा येऊ शकतो.

तर पाचपैकी बहुतेक प्रकारांत रीसेटने मूळ कारण जात नाही. तरी तो लागू पडतो असं वाटतं, कारण त्या ठिकाणची शिळी नोंद त्याच्यासोबत पुसली जाते, जे फर्गेटनेही झालं असतं. माझ्यासाठी पारडं एका किरकोळ गोष्टीने झुकलं: घरच्या राउटरचा पासवर्ड. आपल्याकडे तो कनेक्शन लावायला आलेला माणूस टाकून जातो आणि पुढे कोणालाच आठवत नाही. स्टेशनवर रीसेट मारायला दोन मिनिटं लागतात. घरी आल्यावर राउटर उलटा करून, चिकटवलेल्या अर्ध्या पुसट स्टिकरवर चष्मा लावून ते अक्षर 'ओ' आहे की शून्य हे ठरवण्यात संध्याकाळ जाते, आणि अँड्रॉइड असेल तर बड्सही परत जोडावे लागतात. सार्वजनिक वायफायच्या फुकट अर्ध्या तासासाठी हा व्यवहार मला तरी परवडत नाही.

रीसेटची बाजूही आहे. घरचं, ऑफिसचं, कॅफेचं, सगळीकडचं वायफाय एकदम तुटायला लागलं असेल, ब्लूटूथही रुसलं असेल, आणि हे सगळं मोठ्या अपडेटनंतर सुरू झालं असेल, तर एकेक सेटिंग शोधत बसू नका. तिथे रीसेटच योग्य, आणि दुकानातल्या पोराचं बरोबर. फोनची तारीख-वेळ चुकलेली नाही ना, तेवढं मात्र त्याआधी बघा; ती चुकली तर सर्टिफिकेटं नाकारली जातात आणि सगळ्या जागा बिघडल्यासारख्या वाटतात.

रीसेट मारायचंच ठरलं तर आदल्या रात्री घरी बसून, वायफायला जोडलेले असताना, नेटवर्कच्या पानावरचं 'शेअर' दाबा. अँड्रॉइड १० पासून तिथे क्यूआर कोड निघतो आणि बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. तो बायकोच्या किंवा आईच्या फोनने टिपून ठेवा. स्वतःच्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवला तर उद्या तो स्कॅन करायला दुसरा फोन शोधावा लागू शकतो.