विद्यापीठातलं व्याख्यान की गंगेवरचं?

इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागात अलीकडे राहायला आलेल्या एका कुटुंबाने मला विचारलं, की आठवड्यातली एखादी संध्याकाळ ऐकण्यासाठी राखून ठेवायची तर ती कुठे? विद्यापीठांत होणाऱ्या व्याख्यानांना आणि मैफलींना जायची सवय लावावी, की गावात, गंगेवर जे चालतं तिकडे जावं? गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, त्यामुळे पुढेही तोच शब्द येईल.

मी दोन्हीकडे बरीच वर्षं जातो आहे. राहायला इंदिरानगरलाच आहे, म्हणजे गाडी दोन्हीकडे काढावीच लागते. दोन्ही ठिकाणी तिकीट बहुधा नसतं आणि दोन्हीकडे उत्तम माणसं बोलून जातात. म्हणून अंतर आणि पैसा हे मुद्दे बाजूला ठेवतो.

आधी विद्यापीठांबद्दल. नाशिकची विद्यापीठं गावाच्या कडेला वसलेली आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासूनचं, गंगापूर धरणाकडे गोवर्धन शिवारात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 चं, दिंडोरी रोडला म्हसरूळकडे. खासगी विद्यापीठ त्र्यंबक रस्त्याला. तिथल्या कार्यक्रमांची एक लय असते, ती ओळखीची झाली की नियोजन सोपं जातं. जून ते सप्टेंबर प्रवेशांची गडबड, मग परीक्षा, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत एकावर एक व्याख्यानं. आर्थिक वर्ष संपायच्या आत नियोजित कार्यक्रम उरकायचे असतात, हे त्यामागचं साधं कारण. 14 ते 28 जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन, 12 मार्चला यशवंतराव चव्हाणांची जयंती. कुसुमाग्रजांच्या गावात 27 तारखेला कुठे जावं याची निवड करणं खरोखर अवघड असतं. 28 तारखेला मात्र मी आजही विद्यापीठ किंवा महाविद्यालयच निवडतो.

त्याचं कारण एका दगडात आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका विज्ञान दिनाला दख्खनच्या खडकातलं पाणी या विषयावर व्याख्यान होतं. वक्त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, फळ्यावर लाव्हाचे थर काढले. आपल्याकडचा काळा पाषाण अखंड नाही; एकामागून एक आलेल्या लाव्हांच्या थरांचा तो ढीग आहे, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा भाजलेला पातळ पट्टा सापडतो. पाणी राहतं ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या भागात. म्हणून एका शेतातल्या विहिरीला पाणी लागतं आणि बांधापलीकडची कोरडी जाते. हे सांगून झाल्यावर त्यांनी पिशवीतून मुठीएवढा दगड काढला आणि पहिल्या रांगेत दिला. काळ्या दगडात एक पोकळी, आणि पोकळीत झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या, किंचित गुलाबी स्फटिकांचा झुपका. तो दगड हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा आधीच्या हातांची ऊब त्यात होती. नंतर चाळीस मिनिटं प्रश्नोत्तरं झाली. दिंडोरीकडच्या एका मुलाने स्वतःच्या शेतातल्या बोअरचे आकडे सांगून विचारलं, आणि वक्त्यांनी तेवढ्याच गांभीर्याने उत्तर दिलं.

असं गंगेवर होत नाही, हे मान्य करायला हवं. उघड्या पटांगणात फळा नाही, दगड हजार माणसांत फिरवता येत नाही, आणि वक्ता मोठ्या समुदायापुढे बोलतो म्हणून किस्से वाढतात, आकडे कमी होतात. एखादा विषय मुळापासून समजून घ्यायचा असेल, तुम्ही सेट-नेटचा अभ्यास करत असाल किंवा घरात अकरावी-बारावीतलं मूल असेल, तर विद्यापीठाचं पारडं नक्कीच जड आहे. मैफलीचंही काही अंशी तसंच. बंद सभागृहात तानपुरा ऐकू येतो. उघड्यावर तो पहिल्यांदा हरवतो आणि मग गायकाला आवाज चढवावा लागतो.

वेळेचं गणित मात्र नोकरदाराला जमत नाही. विद्यापीठातली बरीच व्याख्यानं सकाळी अकराला, कामाच्या दिवशी. निमंत्रणपत्रिका फोनवर येते ती पुष्कळदा आदल्या दिवशी. रजा टाकायची तरी कशी? उलट गंगेवर भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेचं मे महिन्याचं वेळापत्रक हातात पडलं की मी कॅलेंडरवर खुणा करून मोकळा होतो.

तरीही वेळेची अडचण मी इतकी वर्षं सोसलीच होती. माझा कल फिरला तो एका वहीमुळे.

कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही, कारण अशी वही अनेक फाटकांवर असते. संध्याकाळची शास्त्रीय गायनाची मैफल होती आणि पत्रिकेवर स्पष्ट छापलं होतं, ‘सर्व रसिकांसाठी खुला प्रवेश’. आईला घेऊन गेलो होतो. आईचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. फाटकावरच्या रखवालदाराने वही पुढे केली. नाव, गाव, मोबाइल, गाडीचा नंबर, आणि पाचवा रकाना: ‘कोणाकडे काम आहे’. मी तिथे ‘मैफल’ लिहिलं. त्याने नम्रपणे सांगितलं, साहेब, इथे माणसाचं नाव लागतं. मी पत्रिका दाखवली. तो म्हणाला, माझ्याकडे यादी आलेली नाही, आत विचारतो. आत फोन लावला तर सगळे सभागृहात, कोण उचलणार? मागे दोन गाड्या उभ्या राहिल्या, त्याही ऐकायलाच आलेल्या. रखवालदाराची चूक नव्हती, त्याला दिलेलं काम तो करत होता. वीस-बावीस मिनिटांनी कुणीतरी बाहेर आलं आणि आम्हाला सोडलं.

आत गेलो तेव्हा पूरिया धनाश्रीची आलापी संपून विलंबित ख्यालही पुढे सरकला होता. दिवस मावळतानाचा तो राग. बाहेर फाटकावर उजेड जाताना आम्ही पाहिला, आणि आत राग अर्ध्यावर भेटला. गाणं सुरेख झालं. पण परतताना आई गाडीत बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, ‘आपल्याला बोलावलं नव्हतं का रे?’ मी पत्रिका पुन्हा दाखवली. पुढच्या महिन्यात दुसरं एक चांगलं व्याख्यान होतं. तिला विचारलं तर म्हणाली, ‘तू जाऊन ये.’ त्यानंतर ती विद्यापीठातल्या एकाही कार्यक्रमाला आली नाही.

सुरक्षेसाठी वही हवी, हे मला समजतं. आवारात वसतिगृहं असतात, प्रयोगशाळा असतात, मुलामुलींची जबाबदारी असते. तरी माझं मन त्या पाचव्या रकान्यावर अडतं. ऐकायला येणाऱ्याचं आत कुणाकडेच काम नसतं. ऐकणं हेच त्याचं काम असतं. त्यासाठी वहीत जागा नसेल, तर ‘खुला प्रवेश’ हे शब्द फाटकापर्यंत पोचलेलेच नसतात. कार्यक्रमाच्या दिवशी फाटकावर एक विद्यार्थी उभा केला तरी पुरे. काही ठिकाणी तसं करतातही, आणि तिथे मी आनंदाने जातो.

आता गंगेवर या. यशवंतराव महाराज पटांगण, देव मामलेदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संतांच्या नावाचं. वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली आहे आणि अख्खा मे महिना रोज संध्याकाळी इथे कुणी ना कुणी बोलतं. पावसाळ्यात हेच पटांगण पाण्याखाली जातं. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून आपण पूर मोजतो, तेव्हा इथे खुर्ची ठेवायलाही जागा नसते. मेमध्ये मात्र सात वाजताही फरशी कोमट असते, नदीवरून मधूनच वारा येतो, आरतीच्या घंटा वाजतात आणि वक्ता क्षणभर थांबतो. नव्या वक्त्याला याचा त्रास होतो. जुने, सरावलेले वक्ते घंटा संपेपर्यंत पाण्याचा घोट घेतात.

इथे फाटक नाही. ऐकणारा कुठून येतो आणि कुठे बसतो हे कुणी पाहत नाही. कुणी दहा मिनिटं उभं राहून निघून जातं, कुणी कडेला टेकतं ते आभार होईपर्यंत उठत नाही. एका बुधवारी, घाटावरचा आठवडे बाजार उठताना, एक बाई रिकामी पाटी पायाशी ठेवून आमच्या मागे बसल्या. व्याख्यान कांद्याच्या भावावर होतं. चाळीत साठवलेला कांदा किती सडतो हे वक्ते सांगत होते, तर त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, ‘पावसात काढला तर याहून जास्ती जातो.’ आईने ते ऐकलं आणि मागे वळून विचारलं, ‘किती जातो हो?’ मग दोघींचं पाच मिनिटं कुजबुजत बोलणं झालं. विद्यापीठातली प्रश्नोत्तरं मला प्रिय आहेत, पण माझ्या आईला प्रश्न विचारताना मी तिथे कधी पाहिलं नाही. इथे पाहिलं.

सुरुवातीचे सत्कार, हारतुरे, प्रास्ताविक दोन्हीकडे लांबतं, त्यात डावं-उजवं करता येणार नाही. कर्ण्यांचा आवाज गंगेवर कधी कधी जास्त असतो. गर्दी वक्त्यावर ठरते: नाव मोठं असेल तर जागा मिळत नाही, आणि एखाद्या चांगल्या पण अपरिचित अभ्यासकापुढे शे-दीडशे माणसं असतात. अशा दिवशी मुद्दाम जावं. बहुतेक वेळा तेच व्याख्यान लक्षात राहतं.

गाण्याचं बोलायचं तर गावात आणखी एक गोष्ट आहे, जी विद्यापीठाच्या सभागृहात सहसा मिळत नाही: पहाट. मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे ललत, भटियार, तोडी हे राग प्रत्यक्ष समोर बसून ऐकण्याचे योग फार थोडे. दिवाळी पाडव्याला नेहरू चौकातल्या पिंपळपारावर अंधार असतानाच माणसं सतरंजीवर येऊन बसतात, थंडी असते, आणि उजेड होत जातो तसा राग बदलतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत राहिले. त्या गावात सकाळचं गाणं सकाळी, उघड्यावर आणि कुणालाही ऐकायला मिळतं, याचं मला अप्रूप आहे.

ज्यांना दोन्ही सोडवत नाही त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे. बाहेरगावचा अभ्यासक विद्यापीठात सकाळच्या सत्राला आला असेल, तर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तो गावातही बोलण्याची शक्यता असते. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय, कुसुमाग्रज स्मारक, नाहीतर सीबीएस बसस्थानकाजवळचं हुतात्मा स्मारक, इथले फलक पाहत राहा. सभागृह छोटं, माणसं पन्नास-साठ, आणि वक्ता सकाळी विद्यार्थ्यांसमोर मांडणी करून आलेला असल्याने मोकळा बोलतो. दोनदा तर मी विद्यापीठातलं व्याख्यान रजेअभावी चुकवलं आणि तोच विषय संध्याकाळी गावात ऐकला. प्रश्नही विचारता आले.

तेव्हा तुमच्या घरात शिकणारं कुणी असेल, दिवसा वेळ मोकळा असेल आणि एकटंच जायचं असेल, तर विद्यापीठाची सवय लावा, विशेषतः फेब्रुवारीत. निघण्याआधी पत्रिकेवरच्या क्रमांकावर फोन करून संयोजकाचं नाव विचारून घ्या, म्हणजे पाचव्या रकान्यात लिहायला काहीतरी असेल. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांसह, सगळ्यांनी मिळून जायचं असेल, तर मी तरी मेची वाट पाहीन.

गंगेवर जाताना गाडी थेट घाटापर्यंत नेऊ नका. रविवार कारंजाच्या आसपास जागा मिळाली तर तिथेच लावा आणि भांडी बाजारातून पायी उतरा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर रिक्षा बरी. आता 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, त्यामुळे कुठला रस्ता बंद आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवलेलं बरं. पाण्याची बाटली न्या, घडीची खुर्ची न्या, कर्ण्यापासून लांब बसा. आम्ही शक्यतो मागून चौथ्या-पाचव्या रांगेत, कडेला बसतो. आईला तिथून नदी दिसते.