गॅस भरण्याआधी गळती शोधणारे गॅरेज

गाडीचा एसी थंड हवा देईनासा झाला की अनेक ठिकाणी लगेच गॅस भरून देतात. या गॅरेजमधील कारागिराने मात्र गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती असणार, असे सांगूनच कामाला सुरुवात केली, आणि हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. आत उरलेला आर-१३४ए, म्हणजे एसीत थंडावा आणणारा वायू, हवेत न सोडता त्याने यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेतला. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, शिवाय द्रवरूपात तो उणे २६ अंश सेल्सियसला उकळत असल्याने त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास हिमदाह होतो; म्हणून संरक्षक चष्मा आणि हातमोजे त्याने शेवटपर्यंत काढले नाहीत. नायट्रोजनचा दाब दिल्यावर कंडेन्सरच्या (वायूतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जोडातील गळती सापडली. रबरी ओ-रिंग बदलून त्याने पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवला, आतली हवा व बाष्प काढले, व्हॅक्यूम टिकतो का ते पाहिले, आणि मगच बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरला. एक उणीव राहिली: कॉम्प्रेसरचे तेल किती घातले, याची नोंद बिलावर नव्हती. ती मी आग्रहाने लिहून घेतली.