रेड रिकव्हरीच्या नावाखाली ५२ हजार ५०० उकळले

चार डिस्कचा रेड ५ (अनेक डिस्क जोडून एकाच साठ्यासारख्या वापरायची पद्धत), प्रत्येकी ४ टीबी. एक डिस्क गेली, नवी बसवली, रिबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं) सुरू झालं आणि ६१ टक्क्यांवर दुसऱ्या डिस्कने रीड एरर दिली. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतो, त्यामुळे अ‍ॅरे, म्हणजे डिस्कचा हा अख्खा गट, बंद. बॅकअप होता, पण जुना. ऑफिसचे चालू हिशेब आत अडकलेले.

डेटा रिकव्हरीवाल्याने आधी ४० हजार घेतले. मग ‘हेड (डिस्क वाचणारा आतला भाग) गेलंय, डोनर डिस्क (ते हेड काढून घ्यायला तशीच दुसरी डिस्क) लागेल’ म्हणून आणखी १२ हजार ५००. तेही दिले.

संशय यायला हवा होता तो इथेच. हेड गेलेली डिस्क बहुतेक वेळा टक-टक वाजते किंवा ओळखलीच जात नाही. माझी शांत फिरत होती, सिस्टिममध्ये दिसत होती. आणि या माणसाने आधी कोणती डिस्क बाहेर पडली, एवढंही विचारलं नाही! तिच्यावरचा डेटा शिळा असतो. ते न विचारता कोण अ‍ॅरे जुळवणार? पण सगळं काम ठप्प असताना आणि समोरचा छातीठोकपणे ‘होऊन जाईल’ म्हणत असताना कोणीही पैसे काढून देतो.

‘डेटा मिळणार नाही’ म्हणून डिस्क परत आल्या. देण्याआधीचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तिच्या तब्येतीची नोंद) मी जपून ठेवला होता. पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिलेले एकूण तास, तेव्हा २१,४०८, आता २१,४१०. ४ टीबी पूर्ण वाचायला चांगल्या वेगानेही सात-आठ तास लागतात. म्हणजे क्लोन (डिस्कची हुबेहूब प्रत) केलाच नाही. झाकणाचं सीलही शाबूत. हेड काय बाहेरून बदललं?

डिस्क देण्याआधी सीरियल नंबर आणि स्मार्ट रिपोर्ट काढून ठेवाच.

पोलिसांत तक्रार करायला गेलो तर म्हणे पावती आहे, मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रार कक्षात गेलो, तिथे म्हणाले तांत्रिक बाब आहे, तज्ज्ञाचा दाखला आणा. तज्ज्ञ कोण, ते सांगायला कोणी तयार नाही. तासांचे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले, त्यांच्याकडे बघायचीही तसदी घेतली नाही. फसवणाऱ्याला कोणी एक फोन करत नाही आणि कागद मात्र माझ्याकडेच मागतात!

अ‍ॅरे कोसळला की पुन्हा रिबिल्ड लावू नका, ‘इनिशियलाइझ’ला (अ‍ॅरे कोरा करून नव्याने मांडणं) तर हातही लावू नका. आधी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कचा क्लोन, मग जे काय करायचं ते क्लोनवर. आणि ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ हे लेखी मिळाल्याशिवाय डिस्क हातातून सोडू नका.